उत्पादन वाढतंय, शोधविहिरी घटताहेत: अशा तेलप्रदेशाचं पुढे काय?

प्रश्न असा आहे: एका तेलप्रदेशाचं उत्पादन काही वर्षं सतत वाढतंय, पण तिथल्या शोधविहिरींची संख्या खाली येतेय. शेजारच्या प्रदेशात नेमकं उलट, उत्पादन घसरतंय आणि शोधासाठीचं ड्रिलिंग जोरात चालू आहे. यातला कुठला प्रदेश पुढे तग धरेल? आणि रिगांची, म्हणजे विहिरी खोदणाऱ्या यंत्रांची, संख्या बघून पुढच्या उत्पादनाचा अंदाज बांधता येतो का?

आधी थेट उत्तर देतो. फक्त या दोन आलेखांवरून ते ठरवता येत नाही, कारण दोन्ही आलेख वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात. आज विहिरीतून वर येणारं तेल दहा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांचं असतं. आज खोदलेली शोधविहीर लागली, तर तिचं तेल बहुधा पुढच्या दशकात येईल. दोन आलेख एकाखाली एक ठेवून आजच्या तारखेवर उभी रेघ मारली, की चुकीच्या निष्कर्षाची सुरुवात तिथूनच होते. साठ्यांचं मूल्यमापन हेच माझं आयुष्यभराचं काम असल्यामुळे या एका मुद्द्यावर मी जरा हट्टाने बोलतो.

हा कालावधी किती असतो ते बघा. अलास्कातलं प्रूडो बे क्षेत्र १९६८मध्ये सापडलं आणि पाइपलाइन बांधून तेल वाहू लागलं ते १९७७मध्ये. कॅस्पियन समुद्रातलं कशागान २०००मध्ये सापडलं. २०१३मध्ये उत्पादन सुरू झालं आणि गंधकयुक्त वायूने नळांना तडे गेल्यामुळे काही आठवड्यांत बंद पडलं, ते खऱ्या अर्थाने चालू झालं २०१६च्या अखेरीस. नॉर्वेचं योहान स्वेरड्रुप २०१०चा शोध, उत्पादन ऑक्टोबर २०१९पासून. गयानातलं लिझा मे २०१५मध्ये सापडलं आणि डिसेंबर २०१९मध्ये तेल देऊ लागलं. खोल समुद्रात साडेचार वर्षं म्हणजे विलक्षण वेग, तो नियम धरू नका. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने शोधाचा परवाना मिळाल्यापासून पहिलं तेल येईपर्यंत सरासरी जवळपास २० वर्षं जातात.

पुढचा घोळ 'विहीर' या एकाच आकड्यात लपलेला असतो. शोधविहीर म्हणजे जिथे तेल आहे की नाही हेच माहीत नाही, तिथे घेतलेली विहीर. तेल लागलं तर साठा किती पसरलाय, खडक तेल सोडतो का, दाब किती, हे बघायला मूल्यांकन विहिरी घेतात. मग उत्पादनाच्या विहिरी आणि पाणी किंवा वायू आत ढकलण्याच्या विहिरी. बातमीत 'ड्रिलिंग वाढलं' असं येतं तेव्हा बहुतेक वेळा हे सगळं एकत्र मोजलेलं असतं. एका मोठ्या शोधानंतर पुढची दोन-तीन वर्षं त्याच शोधाच्या मूल्यांकनाची गर्दी असते. आकडा फुगतो, पण नवीन काहीच तपासलेलं नसतं. त्यामुळे कोणाचाही तक्ता हातात आला की पहिल्यांदा मी विचारतो, यातल्या खऱ्या अर्थाने अज्ञात जागी घेतलेल्या विहिरी किती?

'प्रदेश' कशाला म्हणायचं हेही आधी ठरवा. देशाच्या सीमा खडकांना माहीत नसतात. आमच्या भाषेत खोरं म्हणजे नदीचं नव्हे, तर गाळाच्या खडकांनी भरलेला जमिनीखालचा खोलगट प्रदेश. ब्राझीलचा एकूण आलेख चढता दिसतो, कारण सँतोस खोऱ्यातल्या मिठाच्या थराखालच्या साठ्यांनी देशाच्या उत्पादनाचा तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा उचललाय. त्याच आलेखाच्या पोटात काम्पोस हे जुनं खोरं गेली कित्येक वर्षं उतरतंय. मार्लिमसारखी एके काळची मोठी क्षेत्रं तिथेच आहेत. देशाचा आकडा बघणाऱ्याला काम्पोसची घसरण दिसतच नाही. म्हणून मोजणी खोऱ्याची करा, आणि जमलं तर खोऱ्यातही एकाच प्रकारच्या भूरचनेची करा.

आता उत्पादनाच्या आलेखाकडे वळू. चढती रेघ बघून साठा धडधाकट आहे असं समजणं धोक्याचं असतं. मेक्सिकोचं कँटारेल हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. १९७६मध्ये सापडलेल्या या अजस्र क्षेत्राचा दाब उतरू लागला, तेव्हा २०००पासून त्यात प्रचंड प्रमाणावर नायट्रोजन सोडायला सुरुवात झाली. उत्पादन झपाट्याने वाढलं आणि २००४मध्ये रोज २१ लाख बॅरलच्या आसपास पोचलं. मग कोसळलं. २००८पर्यंत निम्म्यावर आणि २०१२पर्यंत पाच लाखांच्या खाली. भेगाळलेल्या चुनखडीत वर वायू आणि खाली पाणी, मध्ये तेलाचा थर. तो थर भराभर उपसला गेला आणि विहिरींच्या तोंडाशी वायू येऊन ठेपला. शिखराच्या वर्षी नुसता उत्पादनाचा आकडा पाहणाऱ्याला सगळं उत्तम दिसत होतं. तेलाच्या थराची जाडी वर्षागणिक किती उरते हे बघणाऱ्याला मात्र पुढचं चित्र दिसत होतं. म्हणून मी उत्पादनाबरोबर आणखी तीन गोष्टी मागतो: साठ्यातला दाब, तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण आणि वायूचं प्रमाण. तेल तेवढंच येतंय पण पाणी दरवर्षी वाढतंय, असं असेल तर ते क्षेत्र म्हातारं होतंय.

उलट टोकही आहे. उतरणीला लागलेलं क्षेत्र दशकानुदशकं चालू शकतं, आणि त्यासाठी एकही नवा शोध लागत नाही. उत्तर समुद्रातलं नॉर्वेचं एकोफिस्क १९६९च्या अखेरीस सापडलं. खडू-खडकातल्या या साठ्यातून जेमतेम १७-१८ टक्के तेल निघेल असा सुरुवातीचा अंदाज होता. तेल काढता काढता खडक दबला, समुद्राचा तळ कित्येक मीटर खचला आणि समुद्रात उभे असलेले उत्पादनाचे फलाट उचलून उंच करावे लागले. पण १९८७पासून मोठ्या प्रमाणावर पाणी आत सोडलं गेलं, नव्या विहिरी झाल्या, आणि आता तिथल्या तेलापैकी सुमारे निम्मं काढता येईल असं मानलं जातं. फक्त शोधविहिरी मोजणाऱ्याच्या तक्त्यात हे सगळं तेल कुठेच दिसत नाही. मुंबई हायची कथाही याच जातीची. १९७४मध्ये 'सागर सम्राट'ने शोध लावला, १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं, १९८०च्या दशकात ते रोज पावणेपाच लाख बॅरलच्या आसपास गेलं. आज ते त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, तरी क्षेत्र जिवंत आहे, कारण २०००पासून त्याच्या पुनर्विकासाचे टप्पे एकामागून एक झाले.

घट हा अपवाद नसतो, तो प्रत्येक क्षेत्राचा स्वभाव असतो. शिखर ओलांडलेली पारंपरिक तेलक्षेत्रं जगभरात सरासरी वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटतात, आणि तीही पैसा ओतत राहिल्यावर. तो थांबवला तर घट त्याहून वेगवान. म्हणजे रोज १० लाख बॅरल देणाऱ्या जुन्या प्रदेशाला आहे तिथेच उभं राहायला दरवर्षी पन्नास-साठ हजार बॅरलची नवी क्षमता जोडावी लागते. 'उत्पादन स्थिर' या दोन शब्दांमागे एवढी धावपळ असते. प्रदेशाची ताकद त्या धावपळीवरून कळते.

रिगांबद्दलचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाजारात याच आकड्यावरून सर्वाधिक घाईचे निष्कर्ष निघतात. बेकर ह्यूज ही कंपनी १९४४पासून रिगांची मोजणी करते. ऑक्टोबर २०१४मध्ये अमेरिकेत तेलासाठी चालू असलेल्या रिग १,६०९ होत्या. दर कोसळले आणि मे २०१६च्या अखेरीस त्या ३१६वर आल्या. जवळजवळ ८० टक्के घट. उत्पादन किती पडलं? एप्रिल २०१५च्या सुमारास रोज ९६ लाख बॅरल होतं, ते सप्टेंबर २०१६च्या सुमारास ८५ लाखांच्या आसपास आलं. म्हणजे बारा टक्क्यांच्या आत-बाहेर. रिग आणि उत्पादन यांचं नातं सरळ असतं तर हे शक्यच नव्हतं.

झालं काय? पहिली गोष्ट, कंपन्यांनी सगळ्यात आधी कमकुवत जागांवरच्या रिग काढल्या. उरल्या त्या उत्तम खडकावरच्या. दुसरं, शेलमध्ये, म्हणजे फोडल्याशिवाय तेल न सोडणाऱ्या घट्ट खडकात, विहीर खोदणं आणि ती तेलासाठी खुली करणं ही दोन वेगळी कामं आहेत. खोदून ठेवलेल्या पण खडक फोडायचं काम बाकी असलेल्या विहिरींचा साठा हाताशी होता. रिग थांबली तरी त्या विहिरी एकेक करून चालू करता येत होत्या. तिसरं, एकाच जागेवर उभं राहून अनेक विहिरी घेण्याची पद्धत रुळली, रिग खोलून दुसरीकडे हलवण्यात जाणारे दिवस वाचले. चौथं, विहिरीचा आडवा भाग लांबत गेला. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन खोऱ्यात तीन किलोमीटरची आडवी लांबी आता नेहमीची झाली आहे. त्यामुळे २०१४ची एक रिग आणि आजची एक रिग ही एकच मापं नाहीत. नोव्हेंबर २०१८मध्ये तेलाच्या रिग ८८८वर पोचल्या, पुढचं वर्षभर त्या घटत होत्या, आणि तरी २०१९मध्ये देशाचं उत्पादन वाढतच राहिलं. २०२४मध्ये रिग पाचशेच्या आसपास असताना ते रोज १.३ कोटी बॅरलच्या वर, विक्रमी पातळीला होतं.

याचा अर्थ रिगांची मोजणी टाकाऊ आहे असा काढू नका. ती काही महिन्यांनंतरच्या शेल-उत्पादनाची दिशा सांगते, आकडा सांगत नाही. आणि शेलमध्ये हा आकडा शोधाचा मुळीच नसतो. पर्मियनमध्ये तेल आहे हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. तिथली विहीर 'तेल आहे का' असं विचारत नाही, 'या दरात परवडेल का' असं विचारते. शिवाय शेलची विहीर पहिल्याच वर्षात आपल्या सुरुवातीच्या प्रवाहाचा बराच मोठा भाग, बहुतेकदा निम्म्याहून जास्त, गमावते. सगळं नवं काम एकदम थांबलं तर अशा प्रदेशाचं उत्पादन वर्षभरातच तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पडेल. म्हणून शेल-प्रदेशात मी रिगांपेक्षा हे बघतो: दरवर्षी नव्याने चालू झालेल्या विहिरींचं लांबीमागचं उत्पादन वाढतंय की घटतंय? आधीच्या विहिरीशेजारी घेतलेली नवी विहीर पहिलीचा दाब पळवते का? वायूचं प्रमाण चढतंय का? चांगल्या जागा संपत आल्या की आधी इथे कुरकुर ऐकू येते, एकूण आकड्यात ती बरीच उशिरा उमटते. टेक्सासमधलं ईगल फोर्ड हे शेलक्षेत्र २०१५मध्ये शिखरावर गेलं, नॉर्थ डकोटा राज्यातलं शेल-उत्पादन २०१९च्या अखेरीस, आणि दोन्हींनी ती उंची पुन्हा गाठलेली नाही.

आता खऱ्या शोधाकडे. खोऱ्याचं वय ओळखायचं माझं आवडतं साधन म्हणजे क्रीमिंग कर्व्ह. आडव्या अक्षावर शोधविहिरींची क्रमवार संख्या, उभ्या अक्षावर आजवर सापडलेलं एकूण तेल. वर्षं मुद्दाम घेत नाहीत, कारण मंदीत ड्रिलिंग थांबलं तर वर्षांचा आलेख उगाच सपाट दिसतो. मोठी क्षेत्रं आकारानेच मोठी असल्याने लवकर सापडतात. रेघ आधी झपकन चढते, मग आडवी होत जाते. ती आडवी झाली असेल आणि तरीही विहिरी जोरात चालू असतील, तर तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या प्रदेशाबद्दल फार आशा ठेवू नका. पुष्कळ विहिरी, पण प्रत्येकीमागे थोडं थोडं तेल, अशी ती अवस्था असते.

पण ही रेघ पायऱ्यांनीही चढते, आणि आमच्या क्षेत्रातली खरी उत्कंठा तिथेच आहे. नॉर्वेचं तेल उत्पादन २००१च्या सुमारास शिखरावर गेलं आणि २०१९पर्यंत निम्म्याखाली आलं. उत्तर समुद्राचा तो भाग आता पिळून झाला, असं बहुतेकांचं मत होतं. याच उतरणीच्या काळात लुंडिन या तुलनेने छोट्या कंपनीने उत्सिरा उंचवट्यावर २००७मध्ये एडवर्ड ग्रीग आणि २०१०मध्ये योहान स्वेरड्रुप शोधलं. तेल जिथे तयार होतं त्या स्रोत खडकापासून इतक्या लांब तेल सरकत आलं असेल का, ही शंका तिथे वर्षानुवर्षं होती. नवा खडक कोणी आणला नव्हता, नवी कल्पना आणली होती. आज नॉर्वेच्या तेलाचा सुमारे तिसरा हिस्सा त्या एका क्षेत्रातून येतो.

गयानातही तेच. तिथल्या समुद्रात लिझाच्या आधी कित्येक विहिरी निष्फळ गेल्या होत्या. शेल या तेल कंपनीने २०१४मध्ये स्टाब्रुक ब्लॉकमधला आपला हिस्सा सोडून दिला. पुढच्याच वर्षी एक्सॉनमोबिलने १,७०० मीटरहून खोल पाण्यात लिझा शोधलं, आणि त्या ब्लॉकमध्ये आजवर ११ अब्ज बॅरलहून अधिक काढण्याजोगा साठा जाहीर झाला. याच किनाऱ्यावर थोडं पूर्वेला फ्रेंच गयानात २०११मध्ये झाएदियस हा शोध लागला होता. घानातल्या २००७च्या ज्युबिली शोधाचं हे अटलांटिकपलीकडचं जुळं भावंड, असं म्हणून त्याचं स्वागत झालं. दोन्ही खंड एके काळी जोडलेले होते, तर्क उत्तम होता. पण नंतरच्या विहिरींनी निराशा केली आणि तिथून आजवर एक थेंबही उत्पादनात आलेला नाही. शितावरून भाताची परीक्षा खोऱ्याच्या बाबतीत चालत नाही, एक लागलेली विहीरही फसवते आणि अनेक कोरड्या विहिरीही फसवतात.

नामिबियाकडे मी सध्या याच नजरेने बघतो. फेब्रुवारी २०२२मध्ये ग्राफ आणि व्हीनस हे दोन शोध लागले, व्हीनस तर जवळपास ३,००० मीटर खोल पाण्यात. पुढे आणखी विहिरी लागल्या. पण खडकातून तेल सहज वाहत नाही आणि तेलात वायू फार आहे, हे मूल्यांकनात दिसलं. २०२५च्या सुरुवातीला शेल कंपनीने तिथला सुमारे ४० कोटी डॉलरचा खर्च बुडीत धरला. तेल आहे, यशाचा दर उत्तम आहे, आणि तरी उत्पादनाच्या तक्त्यात नामिबिया शून्यावर आहे. 'यशस्वी विहीर' याचा अर्थ बहुतेक तक्त्यांत 'तेल किंवा वायू सापडला' एवढाच असतो. व्यापारी यश ही वेगळी चाळणी आहे.

शोधविहिरी घटण्याची कारणं नेहमी जमिनीखालीच असतात असंही नाही. एक कारण तर चांगलं आहे. त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षण सुधारल्यामुळे ज्या जागा पूर्वी विहीर खोदूनच तपासाव्या लागत, त्यातल्या बऱ्याच आता संगणकावरच बाद होतात. खोल समुद्रातल्या एका विहिरीवर दहा कोटी डॉलरपर्यंत खर्च होत असेल, तर हे बाद होणं फार मोलाचं. दुसरं कारण धोरण. ब्रिटन आणि नॉर्वे एकाच समुद्राच्या दोन बाजूंना आहेत आणि तेलाच्या नफ्यावरचा एकूण कर आज दोन्हीकडे ७८ टक्केच आहे. तरी नॉर्वेत वर्षाला तीसच्या वर शोध व मूल्यांकन विहिरी होतात आणि ब्रिटनमध्ये त्या एक आकडी उरल्या आहेत. नॉर्वेने २००५पासून तोट्यातल्या कंपनीलाही शोधखर्चाचा करहिस्सा रोख परत द्यायला सुरुवात केली आणि मूळ चौकट टिकवली. ब्रिटनने मे २०२२मध्ये नफ्यावर २५ टक्के जादा अधिभार लावला, तो जानेवारी २०२३मध्ये ३५ आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ३८ टक्के केला, गुंतवणुकीवरची मुख्य सवलत काढली, आणि नव्या शोध-परवान्यांबाबतही हात आखडता घेतला. ब्रिटनची बाजू जास्त उपसलेली आहे हे खरंच, १९९९च्या शिखराच्या जेमतेम पाव हिस्सा तिथे उरलाय. पण दहा वर्षांचा पैसा गुंतवणारा माणूस कराच्या दराइतकाच त्या दराच्या स्थैर्याकडे बघतो, हे मी बैठकांमध्ये वारंवार पाहिलं आहे.

जुन्या प्रदेशात आणखी एक घड्याळ टिकटिकत असतं, ते म्हणजे पाइपलाइन आणि फलाटांचं. छोटा शोध एकट्याने कधीच परवडत नाही. जवळच्या चालू फलाटाला जोडता आला तर परवडतो. मोठं क्षेत्र बंद पडून फलाट मोडीत निघाला, की आसपासचे सगळे छोटे शोध कायमचे कागदावर राहतात. अलास्काची पाइपलाइन १९८८मध्ये रोज २० लाख बॅरल वाहत होती, आता पाच लाखांच्याही खाली आहे. प्रवाह मंदावला की वाटेत तेल थंड होतं, पाणी गोठतं, मेण साचतं. तिथे नव्या क्षेत्राचं महत्त्व त्याच्या स्वतःच्या तेलापुरतं राहत नाही, ते वाहिनी चालू ठेवतं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकी क्षेत्रांचं आयुष्यही वाढवतं.

तुमच्या दोन प्रदेशांकडे परत येतो. पहिल्या प्रदेशाचं वाढतं उत्पादन दहा वर्षांच्या आतल्या क्षेत्रांमधून येत असेल, मंजूर झालेले पण अजून सुरू न झालेले प्रकल्प रांगेत असतील आणि सापडलेला साठा सध्याच्या वेगाने पंधरा-वीस वर्षं पुरेल इतका असेल, तर शोधविहिरी घटल्या म्हणून मी इतक्यात काळजी करणार नाही. तिथे सगळं मनुष्यबळ आणि रिग विकासाच्या कामाला लागलेल्या असतात. पण तीच वाढ जुन्या क्षेत्रांत दाट विहिरी घेऊन किंवा वायू ढकलून मिळवलेली असेल, तर कँटारेल आठवा आणि पाण्या-वायूचे आकडे मागा. दुसऱ्या प्रदेशात शोधविहिरींची यादी काढून नकाशावर ठेवा. त्या चालू फलाटांच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत दाटलेल्या असतील, तर घसरण मंदावेल, उलटणार नाही. यादीत वर्षाला दोन-तीन का होईना, आजवर कोणी न तपासलेल्या थरावर किंवा नव्या कल्पनेवर घेतलेल्या विहिरी असतील आणि त्या कोरड्या गेल्यावरही कंपन्या परवाने सोडत नसतील, तर माझी पुढची वीस वर्षांची बाजी मी या दुसऱ्या प्रदेशावर लावीन. विहिरींची यादी आणि त्यांच्या जागा बहुतेक देशांची पेट्रोलियम खाती जाहीर करतात. ती मिळाली तर प्रत्येक विहीर कोणत्या थरासाठी होती एवढा एक रकाना त्यात आधी भरा.